दहा बिटं, स्टँडशिवाय

मंगळवारी सकाळी मोज्यांच्या कारखान्यातला फोरमन आला तेव्हा मी यांची नखं कापत बसले होते. उजव्या हाताची झाली होती, डाव्याची चालू होती. डाव्या हाताची नखं कापायला उजवा हात लागतो, ही गोष्ट मला लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाल्यावर कळली. आठ महिन्यांपूर्वी यांना झटका आला. पाय दोनेक महिन्यांत बऱ्यापैकी सावरला. जीभही सावरली, खरं तर गरजेपेक्षा जरा जास्तच सावरली. उजवा हात मात्र जिथे ठेवू तिथेच राहतो.

फोरमननं पिशवीतून काळा पडलेला सर्किट बोर्ड काढून टेबलावर ठेवला. मोजे विणणारी त्यांची चौदा यंत्रं इतकी जुनी आहेत की ती बनवणारी कंपनीसुद्धा आता उरलेली नाही. यंत्राच्या पोटातला हा बोर्ड जळला की तो बाजारात कुठेच मिळत नाही, फक्त आमच्या घरी मिळतो. यांनी वीस वर्षांपूर्वी त्याची नक्कल उतरवून ठेवली आहे.

"चार हवेत," फोरमन म्हणाला. "एक हा, आणि तीन आज ना उद्या जाणारेत. पण मास्तर, जमत नसेल तर स्पष्ट सांगा. मालक तसेही नव्या यंत्रांचं बघतायत."

"पुढच्या सोमवारी घेऊन जा," हे म्हणाले.

मी नेलकटर हातात धरून यांच्याकडे बघत राहिले. फोरमन चहा घेऊन गेला. जिना उतरतानाची त्याची पावलं थांबेपर्यंत मी कशीबशी गप्प बसले.

"कोण करणार?" मी विचारलं.

"तू. या वेळेपुरतं. माझा हात येईपर्यंत."

आमच्याकडे कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. छापाचा कागद तांब्याच्या बोर्डावर ठेवून त्यावरून इस्त्री फिरवायची, रेषा उमटल्या की नको असलेलं तांबं द्रावणात विरघळवायचं, आणि शेवटी सगळे सुटे भाग बसवून सोल्डर करायचे, हे माझं. बोर्ड मापात कापायचा आणि त्याला भोकं पाडायची, एवढंच यांचं. पण त्या एवढ्याशा कामाचाच सगळीकडे बोलबाला. एका बोर्डाला एकशे अठरा भोकं, प्रत्येक एक मिलिमीटरचं, आणि हे ती निव्वळ हातानं पाडायचे. मूठभर आकाराचं ड्रिल पेन्सिलीसारखं धरायचं आणि ठिपक्यावर टेकवायचं, बस्स. स्टँड नाही, आधार नाही. म्हणून तर सगळे यांना मास्तर म्हणतात. माझ्या सोल्डरिंगला कुणी मास्तरीण म्हटलेलं मला आठवत नाही.

आणि 'हात येईपर्यंत' हे आमच्या घरातलं सध्याचं पालुपद. हात आला की हे करू, हात आला की तिकडे जाऊ. हे म्हणतात, मग मीही म्हणते. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की जे यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. खांदा थोडाफार सुधारेल, पण बोटांची बारीक कामं आता परत होतील असं वाटत नाही. मी मान डोलावली, आणि घरी येऊन मूग गिळून बसले. तेव्हापासून रोज सकाळी यांच्या उजव्या पंज्यात रबरी चेंडू देते, आणि "आज कालच्यापेक्षा जरा जास्त दाबलात हं," असं म्हणते. रोज तेच खोटं, तेही हसून. या हसण्यानं मी जितकी थकले तितकी कपडे धुऊन आयुष्यात थकले नाही.

यांनी यादी सांगितली, मी लिहून घेतली. तपकिरी बोर्ड, ड्रिलला लावायची एक मिलिमीटरची स्टीलची बिटं, करवतीचं बारीक दातांचं पातं. आमची जुनी बिटं पार बोथट झाली होती. पूर्वी हे ती स्वतः दगडावर घासून धार लावायचे.

दुकानाकडे जाताना लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिथून आम्हाला सल्ले देते.

"अगं आई, बोर्ड कारखान्यातून करून घ्या ना. फाईल पाठवली की भोकंबिकं पाडून घरी येतात."

"फाईल कुठली? बाबांनी हातानं काढलेलं चित्र आहे. आणि ते काय सोमवारपर्यंत येणार आहे?"

मग म्हणाली, "सांगितलंस का त्यांना?"

"नाही."

"आई, कधीतरी सांगावं लागेलच ना."

"तू ये आणि सांग," मी म्हटलं, आणि रस्ता ओलांडायचा आहे म्हणून फोन ठेवला. रस्ता मी केव्हाच ओलांडला होता.

हत्यारांच्या दुकानदाराकडून साधा स्क्रू घ्यायचा तरी मुलाखत द्यावी लागते. कशाला हवाय, कुठे लावणार, आधी कुठला होता. माणूस भला आहे, पण यांचा जुना दोस्त. दर दोन दिवसांनी फोन करतो आणि इकडचं तिकडे सगळं सांगतो. त्याच्या कानावर घातलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत यांच्या कानावर जाणार हे नक्की.

"तपकिरी बोर्ड आता विसरा, वहिनी," यादी वाचून तो म्हणाला. "तो कागदाचा असायचा. येतच नाही हल्ली. आता हा हिरवट, काचेच्या धाग्यांचा. वाकत नाही, तापला तरी सोसतो. फक्त कापायला आणि भोकं पाडायला खट आहे."

"मग स्टीलची बिटं चालतील?"

"वीस-पंचवीस भोकं चालतील. मग टोक बोथट होतं आणि ते भोक पाडायचं सोडून नुसतं घासत बसतं. भोकाभोवतीचं तांबं उचकटून येतं. तुमची चार गुणिले एकशे अठरा भोकं म्हणजे..." त्यानं हिशेब अर्ध्यावर सोडला आणि खणातून एक चपटी डबी काढली. आत दहा बिटं होती, जाड मुठीची आणि केसासारख्या बारीक टोकाची. "कार्बाइड. स्टीलहून कितीतरी कडक. एक बिट हजार भोकांना पुरेल. पण याला धार आहे, सोशिकपणा अजिबात नाही. सरळ दाबलंत तर काचेतून लोण्यासारखं जाईल. जरा तिरकं झालं की टक्. म्हणून हे हातानं चालवायचं नाही. याला स्टँड पाहिजे."

"आधी कापायचं बघू," मी म्हटलं.

त्यानं काउंटरवर तीन हत्यारं मांडली. करवत तर माहितीचीच, पण या बोर्डाला लावली की काचेची धूळ उडते. अंगाला खाज सुटते आणि छातीला वाईट, म्हणजे तोंड बांधून ओल्या फडक्यावर कापायला हवं. दुसरं चरा पाडायचं हत्यार, वाकड्या नखासारखं. पट्टी धरून दोन्ही बाजूंनी सात-आठ वेळा ओढायचं आणि टेबलाच्या कडेवर बोर्ड मोडायचा. मी एका तुकड्यावर ओढून पाहिलं. चौथ्या खेपेला मनगट भरून आलं. तिसरी होती दांड्याची कातर, लोखंडी पाटासारखी आणि पाटाएवढीच जड. बोर्ड सरकवायचा आणि दांडा खाली ओढायचा. कच्चकन आवाज झाला आणि तुकडा खाली पडला. धूळ नाही, खाज नाही. मी ती लगेच घेतली.

मग त्यानं न मागता दोन स्टँड काढले. उभा खांब, त्यात घट्ट बसवलेलं ड्रिल, बाजूला दांडा. दांडा ओढला की ड्रिल सरळ खाली येतं, सोडला की वर जातं.

"याची मान धरून हलवा," तो म्हणाला. पहिल्याची हलवली तर ती जरा लडबडली. दुसऱ्याची तसूभरही हलली नाही. "लोक खांब किती जाड आहे ते बघतात. बघायची असते मान. ती ढिली असली तर स्टँड असून नसल्यासारखा."

मी दुसऱ्याचा दांडा ओढून पाहिला. काही जोर लागला नाही. खाली, वर. परत खाली, परत वर. इतका सोपा की मला एकदम रडू येईल असं वाटलं. गेल्या आठ महिन्यांत माझ्या हाताला एवढी सोपी गोष्ट लागली नव्हती.

"चालवणार कोण? तुम्ही की मास्तर?" त्यानं विचारलं.

'मी' एवढंच म्हणायचं होतं. पण मी म्हटलं असतं तर त्यानं विचारलं असतं, मास्तरांच्या हाताचं काय मग? आणि स्टँड घरात आला असता तर तो टेबलावर उभा राहून रोज यांना सांगत बसला असता. या वेळेपुरतं म्हणून कुणी स्टँड घेत नाही.

"मास्तरच," मी म्हटलं. "हात येत चाललाय."

"अरे वा!" त्याचा चेहरा असा खुलला की मला माझी लाज वाटली. "मग स्टँड कशाला? मास्तरांनी जन्मात कधी लावलाय? त्यांचा हात असेल तर कार्बाइडसुद्धा मुकाट्यानं चालेल." आणि मी नको म्हणायच्या आतच त्यानं दोन्ही स्टँड फळीवर परत ठेवून दिले. मी बोर्ड, कातर आणि दहा बिटांची डबी घेऊन घरी आले. कातर वाहून खांदा अवघडला होता.

यांनी कातर पाहिली आणि म्हणाले, "शिंप्याकडे गेली होतीस का?"

पण बुधवारी सकाळी मी बोर्डावर रेघा आखत असताना हे हळूच खुर्ची ओढत टेबलापाशी आले. डाव्या हातानं दांडा धरला. मी बोर्ड सरकवला, रेघेवर आणला आणि बाजूला झाले. कच्च. कड जरा तिरकी गेली होती, पण चालण्यासारखी. यांनी एकामागून एक चारही बोर्ड कापले आणि पाचवा, जास्तीचा, नुसत्या हौसेनं कापला. कपाळाला घाम आला होता. बऱ्याच दिवसांनी यांनी माझ्याकडे न मागता स्वतः उठून पाणी घेतलं.

"हात आला की दोन्ही हातांनी चालवू हिला," हे म्हणाले.

"हो तर," मी म्हटलं.

मग यांनी डबी उघडली. "कार्बाइड? हातानं?"

"स्टँड नव्हता दुकानात."

यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "बरं झालं. स्टँड म्हणजे कमरेला डबा बांधून पोहण्यातला प्रकार."

दुपारपर्यंत मी पाचही बोर्डांवर इस्त्री फिरवली, ते द्रावणातून काढले, धुतले, पुसले. तांब्याच्या रेषा स्वच्छ उमटल्या होत्या. माझं काम संपलं आणि यांचं सुरू झालं. टेबल गॅलरीत आहे. मी बोर्डाखाली लाकडाची फळी ठेवली, ड्रिल मुठीत धरलं आणि पहिल्या ठिपक्यावर टेकवलं. हे आतल्या खोलीत रेडिओ ऐकत पडले होते.

सात भोकं झाली. मला वाटलं, एवढंच होय? अठ्ठावीस वर्षं याचंच कौतुक चाललं होतं? आठव्याला टक् असा आवाज आला आणि टोक कुठेतरी उडून गेलं.

आतला रेडिओ बंद झाला.

दुसरं बिट लावलं. बारा भोकांवर तेही गेलं. तिसरं पहिल्याच भोकाला.

"मनगट सैल सोड," आतून आवाज आला.

सोडलं. टक्.

"टोकाकडे बघ. बोर्डाकडे नको बघूस. आणि श्वास सोडताना दाब."

"तुम्ही तिकडून उंटावरून शेळ्या हाकू नका हो!" मी ओरडले. पाचवं बिट चांगलं चाललं, वीसेक भोकं झाली, मग माझ्या डोळ्यांवर अंधारी आल्यासारखं झालं. मी नुसती मान वळवली, तर तेही मोडलं. टेबलाच्या कडेला मोडक्या बिटांच्या मुठी पडल्या होत्या. मला दुकानदाराचा राग आला, फोरमनचा आला, लेकीचा आला आणि सगळ्यात जास्त त्या सोप्या दांड्याचा आला, जो मी माझ्याच तोंडानं फळीवर परत पाठवला होता.

सहावं मोडलं तेव्हा हे दारात येऊन उभे होते. केव्हा आले मला कळलं नाही.

"कोपर वर उचलला जातोय तुझा," हे म्हणाले. "टेबल उंच आहे तुला. दे इकडे."

"राहू दे."

"दे म्हणतो ना."

हे खुर्चीवर बसले. डाव्या हातानं उजवा हात उचलून टेबलावर आणला, एखादी वस्तू ठेवावी तसा. मग डाव्या हातानंच त्याची बोटं एकेक करून उघडली. "ठेव."

मी सातवं बिट लावलेलं ड्रिल त्या पंज्यात ठेवलं आणि त्यावर बोटं मिटवली. ती गरम होती, मऊ होती, आणि मिटवली की सुटत होती. मी माझ्या दोन्ही हातांनी ती धरून ठेवली.

"सोड. आणि चालू कर."

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. यांच्या तोंडाकडे बघून मला नाही म्हणता आलं नाही. हात सोडले आणि बटण दाबलं. ड्रिल पंज्यात गरकन फिरलं, बाहेर निसटलं, बोर्डावरच्या पाच-सहा रेषा ओरबाडत गेलं आणि खाली पडलं. मी प्लग ओढून काढला. बोर्ड वाया गेला होता, सातवं बिटही मोडलं होतं.

हे त्या ओरखड्याकडे बघत राहिले. हात अजून टेबलावरच होता, उघडा.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"कधी?"

"दोन महिन्यांपूर्वी. मला रिक्षात बसवून तू परत वर गेलीस. छत्री राहिली म्हणालीस. छत्री तुझ्या हातात होती."

मी प्लग टेबलावर ठेवला. मग मी सांगितलं. खांद्याचं सांगितलं, बोटांचं सांगितलं, 'बहुतेक' असं म्हणाले तेही सांगितलं. मला वाटलं होतं की हे म्हणतील, मला ठाऊकच होतं गं. नवरे असं म्हणतात, निदान म्हणावं अशी बायकोची इच्छा असते. हे तसं काही म्हणाले नाहीत.

"म्हणजे दोन महिने रोज सकाळी 'आज जास्त दाबला' म्हणत होतीस. दाबला होता?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

"पोरीला माहीत आहे?"

"हो."

"आणखी कुणाला?"

"कुणाला नाही. दुकानात तर मी उलटंच सांगितलं. हात येतोय म्हणून. तुम्ही चालवणार म्हणून. त्यामुळेच स्टँड आणला नाही."

"हात माझा," हे म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण जीभ परत जड झाली होती, पहिल्या दिवसांत होती तशी. "हात माझा, आणि बातमी तुम्हा दोघींची. मी चेंडू दाबत बसायचं आणि तू हसायचंस. मी मूर्ख आहे का गं?"

"मग काय करायला हवं होतं मी?" माझा तोल सुटला. "तुम्ही दोन महिने 'हात येईपर्यंत, हात येईपर्यंत' करत होतात. त्यावरच जेवत होतात, त्यावरच उठत होतात. ते काढून घेतलं असतं तर तुम्हाला उठवलं कुणी असतं? मीच ना? मी थकलेय हो. हसून थकलेय. खोटं बोलायलासुद्धा अंगात जोर लागतो."

हे उठले, भिंत धरून आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मी गॅलरी झाडली. मोडलेली टोकं सापडत नव्हती, म्हणून ओल्या फडक्यानं दोनदा पुसली, कारण हे अनवाणी चालतात. रात्री दोघं आपापलं जेवलो.

गुरुवारी सकाळी मी चेंडू आणला नाही आणि यांनी मागितला नाही. व्यायाम शिकवणारी बाई आली तेव्हा यांनी तिला सरळ विचारलं, "खांद्याला काय उपयोगाचं आहे तेवढंच सांगा. बोटांचं सोडा." ती माझ्याकडे बघायला लागली. मी कानावर हात ठेवले. तिनं खांद्याचे दोन व्यायाम घेतले आणि गेली.

ती गेल्यावर दोन वाक्यं माझ्या वाट्याला आली. "स्टँड घेऊन ये. जाताना खालच्या सुताराला वर पाठव."

मी दुकानात गेले. मान न हलणारा स्टँड मागितला. दुकानदारानं भुवया उंचावल्या. "मास्तर आणि स्टँड? काय झालं?" मी म्हटलं, त्यांना विचारा. काय झालं ते सांगायचा हक्क आता माझा नव्हता, हे मला आदल्या दिवशी चांगलंच समजलं होतं. त्याला नवल वाटलं असावं, कारण त्यानं पुढे एकही प्रश्न न विचारता स्टँड बांधून दिला.

परत आले तेव्हा सुतार गॅलरीत टेबल आडवं करून बसला होता.

"चार बोटं कमी करायला सांगितलंय," हे म्हणाले. "तुझ्या कोपराच्या मापानं."

ते टेबल यांनी स्वतःच्या उंचीला करून घेतलं होतं, आम्ही या घरात आलो तेव्हा. उभं राहून काम करायची यांची सवय.

"मास्तर, एकदा कापलं की परत वर येत नाही हं," सुतार म्हणाला.

"माहीत आहे."

"थांबा जरा," मी म्हटलं. दोन महिने मला वाटत होतं की यांना एकदाचं कळावं म्हणजे मी सुटेन. आणि आता हे त्या पायांवर पेन्सिलीनं खूण करून बसले होते, तर मला ती खूण पुसून टाकावीशी वाटत होती. "कापू नका. मी पाटावर उभी राहून करीन."

"जन्मभर पाटावर उभी राहणार आहेस?" हे म्हणाले. मग सुताराला, "काप."

लाकूड जुनं होतं, टणक होतं. करवत अडकायला लागली तेव्हा सुतार म्हणाला, कुणीतरी टेबल घट्ट धरा. मी एका बाजूनं धरलं. दुसऱ्या बाजूनं यांनी डाव्या हातानं धरलं. चौथा पाय कापून होईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांसमोर तसेच होतो.

शुक्रवारी मी भोकं पाडली. डबीत तीन बिटं उरली होती. त्यातल्या एकाच बिटानं चारही बोर्ड झाले, आणि तेही अजून शाबूत आहे. हे शेजारी खुर्चीवर बसून बोर्ड संपला की दुसरा पुढे करत होते. दोनदा म्हणाले, "दांडा हळू सोड." बाकी सूचना नाहीत. शनिवार-रविवार मी सोल्डरिंग केलं. रविवारी यांनी एकेक बोर्ड उचलून खिडकीसमोर धरला, भोकांतून उजेड बघितला आणि ओळीत लावून ठेवला.

सोमवारी फोरमन आला. त्यानं बोर्ड उलटसुलट करून पाहिले. त्याला यातलं कळतं. भोकांच्या रांगांवरून त्यानं अंगठा फिरवला आणि एकदम हसला.

"हात आला म्हणायचा मास्तरांचा! काय सरळ काम आहे! मी मालकांना म्हटलंच होतं."

मी चहाचा कप घेऊन उभी होते. अशा वेळी उत्तर द्यायचं माझं काम होतं. हो, सुधारतोय, तुमच्या शुभेच्छा. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन बसलंसुद्धा होतं. मी ते गिळून टाकलं आणि कप फोरमनपुढे ठेवला.

"हात नाही आला," हे म्हणाले. "आता येणारही नाही. ही भोकं हिनं पाडलीत."

फोरमनच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, त्याचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. "नाही, म्हणजे... असं कसं, मास्तर... होईल हळूहळू..."

"होणार नाही. विचारून झालंय." यांनी डाव्या हातानं बोर्ड पिशवीत भरायला सुरुवात केली. "पुढचं काम असेल तर हिच्याशी बोला. सोमवारी देणार की बुधवारी, ते ही सांगेल. मी परस्पर सांगणार नाही."

फोरमननं माझ्याकडे बघून नमस्कार केला. इतक्या वर्षांत त्यानं मला पहिल्यांदाच असा वेगळा नमस्कार केला. मग तो गेला.

बरं वाटलं असंही म्हणता येत नव्हतं आणि वाईट वाटलं असंही. मी आतल्या खोलीत जाऊन आडवी पडले, भर सकाळी, तोंडावर पदर घेऊन. लग्न झाल्यापासून मी या वेळी कधी आडवी झाले नसेन. बाहेर हे डाव्या हातानं टेबल आवरत होते. काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, मग खुर्ची सरकल्याचा, मग ती वस्तू उचलायची यांची खटपट बराच वेळ ऐकू येत राहिली. मी ऐकत होते, पण उठले नाही.